स्टेशनचं रीडिंग मॉडेलमध्ये टाकलं तरी फोरकास्ट सुधारत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी घरच्या कॉम्प्युटरवर डब्ल्यूआरएफ हे हवामानाच्या अंदाजाचं मॉडेल चालवतो, ग्रिड 3 किलोमीटरचं, म्हणजे मॉडेल जमिनीचे 3 किलोमीटरचे चौकोन पाडून हिशोब करतं. गच्चीवर माझं स्वतःचं वेदर स्टेशन आहे. मॉडेल सुरू करताना स्टेशनच्या सगळ्यात जवळच्या ग्रिड पॉइंटचं तापमान आणि दाब खोडून तिथे स्टेशनचे आकडे टाकतो. पण तासाभरात फोरकास्ट होता तिथेच येतो, कधी कधी तर आधीपेक्षा बिघडतो. जास्त डेटा दिला तर अंदाज सुधारायला हवा ना? डेटा असिमिलेशन म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय करतं, आणि मी ते करावं का?"

उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मी वीसेक वर्षं याच कामात आहे, म्हणजे मॉडेलला डेटा भरवायच्या कामात, मॉडेल लिहायच्या नाही, त्यामुळे माझा कल कुठे झुकतो ते लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही विचारलंय "डेटा आत कसा टाकू", पण तुमची खरी अडचण ती नाहीये. आकडा खोडून आकडा टाकणं तर तुम्हाला जमलंच आहे. अडचण अशी आहे की मॉडेल एक सांगतंय, स्टेशन दुसरं सांगतंय, मग कोणावर किती विश्वास ठेवायचा, आणि त्या एका ठिकाणच्या फरकावरून आजूबाजूच्या आणि वरच्या हवेबद्दल काय समजायचं. डेटा असिमिलेशन म्हणतात ते हेच ठरवायचं काम. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला त्यातल्या त्यात सोपा, दुसऱ्यात लोकांची आख्खी करिअर गेली आहेत.

आधी ते "तासाभरात पहिले पाढे पंचावन्न" का होतं ते बघू, कारण त्याचं गणित कागदावर करता येतं. समजा वारा 10 मीटर प्रति सेकंद आहे. तुमचा चौकोन 3 किलोमीटरचा, म्हणजे 3000 मीटर. 300 सेकंद. पाच मिनिटांत तुम्ही दुरुस्त केलेली हवा त्या चौकोनातून निघून गेली आणि तिच्या जागी वारा येतो त्या बाजूची, तुम्ही हातही न लावलेली चुकीची हवा येऊन बसली. तासाभराने तुमची दुरुस्ती 36 किलोमीटर लांब कुठेतरी असायला हवी, पण तीही नसते, कारण एकाच ग्रिड पॉइंटवरचा उंचवटा किंवा खड्डा मॉडेलला खरा वाटतच नाही. या प्रकारची मॉडेलं साधारण 6-7 ग्रिड लांबीपेक्षा लहान गोष्टी नीट धरू शकत नाहीत, तेवढ्या बारीक गोष्टी ती गडबड समजून घासून सपाट करतात. म्हणजे 3 किलोमीटरच्या ग्रिडवर 20 किलोमीटरच्या आतलं काहीही तुम्ही एका टिंबाएवढं टाकलंत तर ते पालथ्या घड्यावर पाणीच.

हे झालं तापमानाचं. दाबाचं प्रकरण जास्त वाईट. आजूबाजूचा वारा तसाच ठेवून एका जागचा दाब 2 हेक्टोपास्कलने खाली ओढला की तुम्ही वातावरणात एक खड्डा पाडला, मग हवा चारी बाजूंनी तिकडे धावते, पलीकडे आदळते, परत उसळते, आणि सगळ्या डोमेनभर, म्हणजे तुमचं मॉडेल जेवढा प्रदेश धरतं तेवढ्यात, लाटा पसरतात. या लाटांना हवामानाशी काही देणंघेणं नसतं, त्या निव्वळ तुम्ही केलेल्या असंतुलनाचा आवाज असतात. "कधी कधी आणखी बिघडतो" ते बहुतेक यामुळेच.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ही चूक करणारा पहिला माणूस या शास्त्राचा आजोबा होता. लुईस फ्राय रिचर्डसनने पहिल्या महायुद्धात अँब्युलन्स तुकडीत काम करता करता, हाताने आकडेमोड करून, 20 मे 1910 या दिवसाचा मध्य युरोपातला अंदाज काढून बघितला, आणि 1922 मध्ये तो छापलाही. उत्तर आलं: 6 तासांत दाब 145 हेक्टोपास्कलने चढणार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हलला नव्हता. समीकरणं बरोबर होती, गुणाकार-भागाकारही मोठ्या प्रमाणात बरोबर होते. गोची सुरुवातीच्या आकड्यांत होती, बलूनने मोजलेला वारा आणि दाब एकमेकांशी जुळत नव्हते आणि त्या बारीक विसंगतीतून असल्या खोट्या लाटा उठल्या. पुढे कित्येक दशकांनी हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तेच आकडे घेऊन, आधी त्यातली ही विसंगती गाळून, तोच हिशोब परत केला तेव्हा 6 तासांचा बदल 1 हेक्टोपास्कलच्याही आत आला. मला स्वतःला असिमिलेशन म्हणजे काय हे या एका गोष्टीने जेवढं कळलं तेवढं पुढच्या सगळ्या मॅट्रिक्सनी नाही.

आता विश्वास किती ठेवायचा तो हिशोब. समजा मॉडेल म्हणतंय 31 अंश आणि मॉडेलच्या या आकड्यात साधारण 2 अंशांची चूक असते हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. स्टेशन म्हणतंय 28, त्याची चूक 1 अंश. तुम्ही काय केलंत, 31 खोडून 28 लिहिलंत, म्हणजे स्टेशन शंभर टक्के खरं आणि मॉडेल शंभर टक्के खोटं धरलंत. असिमिलेशन काय करतं तर चुकांचे वर्ग घेतं, 4 आणि 1, आणि फरकाच्या 4 भागिले 5, म्हणजे 0.8 इतकाच भाग स्टेशनच्या बाजूला सरकतं. फरक उणे 3, त्याचे 0.8 पट उणे 2.4, उत्तर 28.6 अंश. आणि गंमत पुढे आहे: या नव्या आकड्याची स्वतःची चूक 0.9 अंश येते. मॉडेलपेक्षा कमी, स्टेशनपेक्षाही कमी. म्हणजे वाईट आकड्याने चांगल्या आकड्याला थोडं का होईना सुधारलं. (अट एकच, दोघांच्या चुकांचा एकमेकांशी संबंध नको आणि दोघांपैकी कोणी कायम एकाच बाजूला झुकलेलं नको. ही अट सगळे लिहितात आणि सगळे विसरतात.)

कालमन फिल्टर, 3डी-वार, 4डी-वार, एन्सेम्बल वगैरे जी नावं तुम्ही वाचली असतील ती सगळी मुळात याच बेरजेची भावंडं आहेत. फरक इतकाच की खऱ्या मॉडेलमध्ये एक तापमान नसतं, कोट्यवधी आकडे असतात, आणि प्रत्येकाची चूक प्रत्येकाच्या चुकीशी कशी बांधलेली आहे ते सांगावं लागतं.

त्यातला "स्टेशनची चूक 1 अंश" हा आकडा कुठून आणला? इथे नवीन माणूस हमखास फसतो. सेन्सरच्या डब्यावर प्लस-मायनस 0.3 अंश लिहिलेलं असतं, तो तेच टाकतो. पण ती सेन्सरची चूक झाली. आपल्याला हवी आहे ती वेगळी चूक: 3 किलोमीटर बाय 3 किलोमीटर चौकोनाची सरासरी हवा आणि तुमच्या गच्चीवरची हवा यातला फरक. सेन्सर देवाचा असला तरी गच्चीचा काँक्रीट तापलेला आहे, शेजारी भिंत आहे, चौकोनाच्या अर्ध्या भागात झाडं आहेत. ही प्रतिनिधित्वाची चूक धरली की तुमचा 0.3 सहज दीड-दोन अंश होतो. वरच्या उदाहरणात स्टेशनची चूकही 2 अंश धरली तर वजन निम्मं-निम्मं होतं आणि उत्तर 29.5 येतं. एक आकडा बदलला आणि जवळजवळ एक अंश इकडचा तिकडे.

त्यात उंचीची भानगड. मॉडेलमधली जमीन गुळगुळीत केलेली असते, डोंगर बुटके आणि दऱ्या भरलेल्या. तुमचं स्टेशन दरीत 400 मीटरवर असेल आणि मॉडेल त्याच जागी जमीन 700 मीटरवर समजत असेल तर नुसत्या उंचीमुळेच, किलोमीटरला 6.5 अंश धरून, जवळजवळ 2 अंशांचा फरक पडणार. तो फरक म्हणजे मॉडेलची हवामानाची चूक नाहीच, ती दोन वेगळ्या उंचींची तुलना आहे. ती तुम्ही "दुरुस्त" केलीत तर बरोबर असलेली हवा बिघडवलीत. दाबाला तर हे फारच जोरात लागतं, समुद्रसपाटीजवळ साधारण 8 मीटरला 1 हेक्टोपास्कल. स्टेशनच्या माहितीत जमिनीची उंची लिहिली आणि बॅरोमीटर तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, झाला 1 हेक्टोपास्कलचा कायमचा झुकाव.

माझीच एक गोष्ट सांगतो. एका ठिकाणी आम्हाला पन्नासेक नव्या ऑटोमॅटिक स्टेशनांचा डेटा मिळाला, सगळे खूश, लावला, आणि पहिल्या 12 तासांचा तापमानाचा अंदाज सरळ सरळ खराब झाला. दोन आठवडे आम्ही मॉडेलमध्ये बग शोधत बसलो, मी स्वतः वजनांचं कोडिंग तीनदा तपासलं. शेवटी एका सहकाऱ्याने कंटाळून प्रत्येक स्टेशनचा "स्टेशन वजा मॉडेल" हा फरक दिवसाच्या तासाप्रमाणे काढून ग्राफ लावले, तर डझनभर स्टेशनांचा फरक सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला असा सुंदर लाटेसारखा. रोज. ढग असो, पाऊस असो, लाट तशीच. त्या स्टेशनांचं घड्याळ स्थानिक वेळेवर होतं आणि फाइलमध्ये मात्र ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून लिहिली जात होती. म्हणजे दुपारचं तापमान आम्ही मॉडेलला भलत्याच वेळी पाजत होतो आणि मॉडेल बिचारं निमूट पीत होतं. सेन्सर सगळे उत्तम होते.

तेव्हापासून माझा नियम: कुठलंही नवं स्टेशन महिनाभर नुसतं बघायचं, मॉडेलला स्पर्श नाही. रोज फक्त स्टेशन वजा मॉडेल हा फरक लिहीत जायचा. असिमिलेशनच्या धंद्यात हा फरक म्हणजे सगळ्यात किमती वस्तू आहे, फोरकास्टपेक्षाही. सरासरी शून्यापासून लांब असेल तर झुकाव आहे, उंची किंवा सेन्सर बघा. दिवसाच्या तासाप्रमाणे लाट दिसली तर घड्याळ बघा किंवा सेन्सरला ऊन लागतंय का ते बघा. एखाद्या दिवशी अचानक उडी आली आणि मग तो फरक तिथेच राहिला तर कोणीतरी सेन्सर हलवलाय.

आता दुसरा, अवघड प्रश्न. स्टेशन म्हणतंय मॉडेलपेक्षा 3 अंश थंड. बरं. मग 20 किलोमीटरवर काय? वर 500 मीटरवर काय? वाऱ्याचं काय?

दोन दिवस डोळ्यासमोर आणा. पहिला दिवस, पहाट, आकाश निरभ्र, वारा नाही, जमिनीलगत थंड हवेचा थर साचलाय. इथला 3 अंशांचा फरक हा कदाचित जमिनीपासून पन्नास-शंभर मीटरपुरताच आहे, त्याच्या वर मॉडेल अगदी बरोबर असू शकतं. ही दुरुस्ती वर किलोमीटरभर पसरवलीत तर चांगली हवा उगाच थंड केलीत. दुसरा दिवस, थंड हवेची आघाडी, म्हणजे गरम हवेला ढकलत येणाऱ्या थंड हवेची कड, सरकत येतेय, मॉडेल म्हणतं ती 3 वाजता पोचेल आणि प्रत्यक्षात ती 1 वाजताच पोचली. स्टेशनवर आकडा तोच, 3 अंश थंड. पण इथे चूक तापमानाची नाहीच, वेळेची आहे! खरी दुरुस्ती म्हणजे आख्खी आघाडी उचलून पुढे सरकवायची, म्हणजे त्या रेषेच्या लांबीभर तापमान बदलणार, वाऱ्याची दिशा बदलणार, दाब बदलणार, वर दीड-दोन किलोमीटरपर्यंत बदलणार, आणि रेषेच्या पलीकडे काहीच बदलणार नाही.

एकच आकडा, एकच फरक, दोन पूर्ण वेगळ्या दुरुस्त्या. कोणती करायची हे स्टेशन सांगू शकत नाही. ते सांगतो मॉडेलच्या चुकांचा नकाशा, ज्याला बॅकग्राउंड एरर कोव्हेरियन्स म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा आत्मा तिथे आहे.

हा नकाशा आणायचा कुठून? मॉडेलच्या खऱ्या चुका कोणालाच माहीत नसतात. जुनी युक्ती अशी की एकाच वेळेसाठीचे दोन अंदाज घ्यायचे, एक 48 तास आधी काढलेला आणि एक 24 तास आधी काढलेला, त्यांच्यातला फरक काढायचा, असे महिनाभराचे फरक जमवायचे आणि चुका साधारण अशाच दिसत असतील असं धरायचं. पॅरिश आणि डर्बर यांनी 1992 मध्ये हे मांडलं, आजही चालतं. दोष असा की हा नकाशा सरासरी असतो, त्याला आज पहाटेचं धुकं आहे की आघाडी आहे याचा पत्ता नसतो.

दुसरी युक्ती एन्सेम्बलची: मॉडेल एकदा न चालवता थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीपासून 30-50 वेळा चालवायचं. आज आघाडी येत असेल तर त्या 50 उत्तरांत ती कुठे थोडी पुढे, कुठे थोडी मागे असेल, आणि जिथे स्टेशनवर थंड आहे त्या उत्तरांत वारा कुठल्या दिशेचा आहे हे मोजता येतं. नकाशा आजचा, आत्ताचा. गेर एव्हेन्सन यांनी 1994 मध्ये एन्सेम्बल कालमन फिल्टर मांडला तो हाच. पण 50 नमुन्यांवरून कोट्यवधी आकड्यांचे संबंध काढायला गेलात की बादरायण संबंध निघतात, तुमच्या गच्चीवरच्या तापमानाचा दोन हजार किलोमीटरवरच्या आर्द्रतेशी 0.2 चा संबंध वगैरे. म्हणून ठरावीक अंतरापलीकडचे संबंध हाताने शून्य करावे लागतात, त्याला लोकलायझेशन म्हणतात. किती अंतर? परिस्थितीवर आहे. रडारसाठी 10-20 किलोमीटर, वरच्या हवेतल्या बलूनसाठी शेकडो. इथे अजूनही बरंचसं काम हाताच्या अंदाजाने चालतं, कोणी काही म्हणो.

मघाचा वारा-दाबाचा मुद्दाही इथेच बसतो. मोठ्या पसाऱ्यावर, विषुववृत्तापासून लांब, दाब नीट दिलात तर वारा आपोआप त्याच्याशी जुळवून घेतो. लहान पसाऱ्यावर आणि विषुववृत्ताच्या आसपास उलटं, तिथे वाऱ्याचं राज्य असतं, नुसता दाब किंवा तापमान दिलंत तर मॉडेल ते लाटांवाटे उधळून टाकतं. म्हणून तर उष्ण कटिबंधात वाऱ्याच्या मोजमापाची इतकी चणचण जाणवते, आणि 2018 मध्ये सोडलेल्या एओलस उपग्रहाने लेझरने अवकाशातून वारा मोजून दाखवला तेव्हा आमच्या लोकांना आनंद झाला. 2023 मध्ये तो संपला.

वेळेबद्दल थोडक्यात. ऑब्झर्वेशन, म्हणजे प्रत्यक्ष मोजमापं, सगळी एकाच क्षणी येत नाहीत. बलूनच घ्या, तो सेकंदाला साधारण 5 मीटर चढतो, 30 किलोमीटरवर पोचायला दीड-दोन तास लागतात आणि तोवर तो वाऱ्याने शंभर किलोमीटरसुद्धा वाहत जाऊ शकतो. तरी कित्येक वर्षं सगळीकडे तो स्टेशनच्या डोक्यावर सरळ उभा आणि एकाच वेळी मोजलेला असा धरला जायचा. 4डी-वार हे सोडवतं: काही तासांची खिडकी घ्यायची आणि अशी सुरुवात शोधायची की तिथून मॉडेल चालवलं तर ते प्रत्येक ऑब्झर्वेशनच्या त्या त्या वेळी त्याच्या जवळून जाईल. युरोपच्या हवामान अंदाज केंद्राने, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफने, नोव्हेंबर 1997 मध्ये हे रोजच्या कामात आणलं. महाग प्रकार आहे, घरच्या कॉम्प्युटरवर मी तरी सुचवणार नाही.

आता "जास्त डेटा म्हणजे चांगला अंदाज ना?" याचं सरळ उत्तर: डेटाच्या चुका माहीत असतील तर हो, नसतील तर नाही. याचं मोठं उदाहरण उपग्रहांचं आहे. उपग्रह तापमान मोजत नाही, तो वातावरणातून वर येणारं रेडिएशन मोजतो. सुरुवातीच्या काळात त्या रेडिएशनवरून आधी तापमान काढायचे आणि मग ते जणू बलूनचं रीडिंग आहे असं समजून मॉडेलला द्यायचे. ते काढताना आत कितीतरी गृहीतकं मिसळलेली, त्यामुळे चुका एकमेकींत गुंतलेल्या, आणि उत्तर गोलार्धात, जिथे बलून भरपूर होते, तिथे या डेटाचा फायदा बऱ्याचदा शून्य, कधी चक्क तोटा. नव्वदच्या दशकात विचार उलटा केला: मॉडेललाच विचारायचं, तुझी हवा खरी असेल तर उपग्रहाला किती रेडिएशन दिसलं असतं? आणि ते प्रत्यक्ष मोजलेल्या रेडिएशनशी ताडायचं. उपग्रह बदलला नाही, प्रश्न बदलला. त्यात प्रत्येक चॅनलचा (उपग्रह मोजतो त्या रेडिएशनच्या एकेका पट्ट्याचा) झुकाव सतत मोजून वजा करायची सोय आली, आणि दक्षिण गोलार्ध, जिथे नुसता समुद्रच समुद्र, तिथला अंदाज बघता बघता उत्तरेच्या जवळ येऊन पोचला. आणि हो, हे करताना बराचसा उपग्रह डेटा मुद्दाम विरळ करतात, फेकून देतात म्हणा ना, कारण शेजारशेजारच्या टिंबांच्या चुका सारख्याच असतात, एकाच माणसाला दहा वेळा विचारून दहा साक्षीदार झाले असं म्हणता येत नाही.

एआय मॉडेलं आली, आता हे सगळं कशाला, असंही खाली प्रतिक्रियेत एकाने विचारलंय. 2023 मध्ये गाजलेलं ग्राफकास्ट असो किंवा तसली इतर, ती शिकली ती ईआरए5 वर, म्हणजे 1940 पासूनची ऑब्झर्वेशन आणि मॉडेल एकत्र करून बनवलेल्या तासातासाच्या इतिहासावर, आणि रोज चालवताना सुरुवातही असिमिलेशनने बनवलेल्या अवस्थेपासूनच करतात. सरळ ऑब्झर्वेशनवरून अंदाज काढायचे प्रयोगही चालू आहेत आणि मला ते आवडतात, पण तुमच्या आजच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

तर तुम्ही काय करावं? हे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे.

फक्त तुमच्या गच्चीवरचा उद्याचा अंदाज सुधारायचा असेल तर असिमिलेशन करूच नका. खरंच. मॉडेल आहे तसं चालू द्या आणि बाहेर आलेल्या आकड्याला दुरुस्त करा. दुरुस्तीचा एक आकडा ठेवा, सुरुवातीला शून्य. रोज त्या तासाचा स्टेशन वजा मॉडेल हा फरक आला की जुन्या दुरुस्तीचे 0.9 पट आणि नव्या फरकाचे 0.1 पट अशी बेरीज करून नवी दुरुस्ती, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंदाजात ती मिळवा. दिवसाच्या प्रत्येक तासाची दुरुस्ती वेगळी. चार ओळींचा प्रोग्राम आहे, हाही एक बाळबोध कालमन फिल्टरच म्हणायचा, आणि तापमानासाठी तो तुम्हाला जेवढं देईल तेवढं एका स्टेशनचं असिमिलेशन देणार नाही यावर मी पैज लावायला तयार आहे. उंचीचा फरक, भिंत, काँक्रीट, सगळं त्यात आपोआप जिरतं. पावसाला हे चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आजूबाजूच्या मोठ्या भागाचा पुढच्या 3-6 तासांचा अंदाज हवा असेल आणि एकापेक्षा जास्त स्टेशनं, शक्य झालं तर रडारचा डेटा हाताशी असेल, तर असिमिलेशनला अर्थ आहे. तरी दोन गोष्टी आधी पचवा. एक, तुम्ही ज्या ग्लोबल, म्हणजे सगळ्या पृथ्वीच्या, मॉडेलमधून सुरुवात घेता त्यात उपग्रह, बलून, विमानं, नेहमीची सरकारी स्टेशनं हे आधीच मुरलेलं आहे, तुम्ही भर घालणार ती फक्त बारीक गोष्टींची, आणि बारीक गोष्टी लवकर विरतात. दोन, तुमचं डोमेन समजा 500 किलोमीटरचं असेल तर 10 मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्याला ते आरपार धुवायला 14 तास लागतात, त्यानंतर आत जे आहे ते सगळं बाउंड्रीवरून, म्हणजे डोमेनच्या कडांवर ग्लोबल मॉडेलने दिलेल्या हवेतून, आलेलं, तुमची सुरुवात कितीही सुंदर असो.

सुरुवात नजिंगने करा. डब्ल्यूआरएफमध्ये ऑब्झर्वेशन नजिंगची सोय आहे, ते आकडा खोडत नाही, मॉडेल चालू असताना त्याला हळूहळू स्टेशनकडे ओढतं, किती जोरात आणि किती अंतरापर्यंत ते तुम्ही ठरवता. गणिती दृष्ट्या ते ओबडधोबड आहे आणि विद्यापीठातले लोक नाक मुरडतील, पण लाटांचा धिंगाणा होत नाही. ते जमलं की डब्ल्यूआरएफडीएचं, म्हणजे डब्ल्यूआरएफच्या असिमिलेशन सॉफ्टवेअरचं, 3डी-वार (4डी-वारचंच साधं भावंड, वेळेच्या खिडकीऐवजी एकाच क्षणाचं). त्यात तयार मिळणारा चुकांचा नकाशा ग्लोबल मॉडेलवरून काढलेला आहे, 3 किलोमीटरसाठी तो फार पसरट पडतो, म्हणून स्वतःच्या डोमेनचा नकाशा त्या 24-48 तासांच्या युक्तीने बनवून घ्या, महिनाभराचे रन लागतील.

आणि खरा डेटा लावायच्या आधी एक खेळ करा, त्याची सोय त्यातच आहे: एकच काल्पनिक ऑब्झर्वेशन टाका, डोमेनच्या मध्यावर, मॉडेलपेक्षा 1 अंश जास्त, आणि आधीची अवस्था नंतरच्या अवस्थेतून वजा करून नकाशा काढा. एक गोल डाग दिसेल. तो किती किलोमीटरपर्यंत पसरलाय बघा, उभा छेद घेऊन किती वर गेलाय बघा, वाऱ्यात काय बदललंय बघा. तुमचं सिस्टम एका आकड्यावरून काय काय समजून घेतं ते त्या डागात लिहिलेलं असतं. मी आजही नवीन सेटअप मिळाला की पहिलं हेच करतो, आणि दर तीन-चार वेळांत एकदा तरी तो डाग बघून हसायला येतं, कधी 800 किलोमीटरचा, कधी जमिनीवर शून्य आणि सगळा वर ढगात.

तपासताना दोन रन ठेवा, एक डेटाशिवाय, एक डेटासकट, बाकी सगळं तंतोतंत सारखं, किमान तीन-चार आठवडे. आणि जे स्टेशन आत टाकलंय त्याच्याशीच तुलना करू नका, ते पहिल्या तासाला जुळणारच. दोन-तीन स्टेशनं बाहेर ठेवा आणि त्यांच्यावर निकाल लावा. एका वादळाच्या दिवशी अंदाज जबरदस्त जुळला म्हणून उड्या मारू नका, आम्ही मारल्या आहेत, पुढच्या आठवड्यात तोंडघशी पडलोय.

तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही ते एवढं कळवा: बॅरोमीटर जमिनीपासून किती उंच आहे, मॉडेल त्या पॉइंटला जमिनीची उंची किती धरतंय (आउटपुट फाइलमध्ये एचजीटी नावाने असते), लॉगरचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे, आणि शक्य असेल तर गेल्या तीस दिवसांचा तासातासाचा स्टेशन वजा मॉडेल हा फरक. नुसती दोन कॉलमची फाइल चालेल. ती आली की घड्याळाचा घोळ आहे की उंचीचा ते बहुधा बघताक्षणीच सांगता येईल.